लिनक्स सर्व्हरवर डेस्कटॉप सुरू होत नाही? काळ्या स्क्रीनपासून लॉगिनपर्यंतची पूर्ण वाट

उबंटू सर्व्हर इन्स्टॉल केला, मशीन रीस्टार्ट झालं, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावल्या आणि शेवटी ‘लॉगिन’ एवढंच लिहून कर्सर लुकलुकत बसला. ना माऊस, ना आयकॉन, ना वॉलपेपर. पहिल्यांदा सर्व्हर हाताळणाऱ्या बहुतेकांना इथे वाटतं, की इन्स्टॉल करताना आपलंच काहीतरी चुकलं.

तसं काही झालेलं नसतं. सर्व्हर आवृत्तीत डेस्कटॉप दिलेलाच नसतो. तो नंतर टाकता येतो आणि नीट टाकला तर चांगला चालतो. पण माझ्याकडून एकदा तो नीट टाकला गेला नाही. भावाच्या एका मित्राचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्यासाठी जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन टाकून मी फोटो साठवायचा सर्व्हर करून दिला होता. दुसऱ्याच दिवशी दादाचा फोन आला, “अरे, हे नुसतं काळं काय दाखवतंय? याचा माऊस कुठाय?” मी जाऊन तासाभरात डेस्कटॉप चालू करून दिला आणि चहा पिऊन घरी आलो. त्या तासाभराच्या कामाची किंमत पुढे काय मोजावी लागली ते लेखात योग्य ठिकाणी सांगतो. कारण डेस्कटॉप सुरू करणं हे अर्धंच काम आहे, आणि उरलेलं अर्धं बहुतेक जण करतच नाहीत.

एक सूचना आधीच देतो. या लेखातल्या कमांड आपण तोंडी सांगतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. आकडेही इंग्रजीच. ‘सिस्टमसीटीएल’ म्हणजे सिस्टम या शब्दाला सी, टी, एल ही तीन अक्षरं जोडून झालेला एकच शब्द. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे मी तसं सांगितलं आहे.

सर्व्हरमध्ये डेस्कटॉप का नसतो?

सर्व्हरचं काम म्हणजे फाइल देणं, वेबसाइट दाखवणं, डेटाबेस सांभाळणं. यातल्या कशालाच खिडक्या आणि आयकॉन लागत नाहीत. डेस्कटॉप मात्र रॅम खातो, डिस्कवर जागा घेतो आणि शेकडो जादा पॅकेजेस सोबत आणतो. त्या प्रत्येक पॅकेजला पुढे अपडेट लागतं, आणि प्रत्येकात एखादी सुरक्षेची फट निघू शकते. उबंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीसाठी बरीच रॅम आणि २५ जीबी डिस्क असावी असं सांगितलं जातं. सर्व्हर आवृत्ती यापेक्षा बऱ्याच कमीत भागवते.

म्हणून आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: मला या मशीनसमोर बसून माऊसनं काम करायचं आहे, की हे मशीन सांभाळायला सोपं व्हायला हवं आहे? दुसरं उत्तर असेल तर डेस्कटॉपची गरजच नाही. आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचनं सर्व्हरला जोडून घ्या. कमांडची भीती वाटत असेल तर ‘कॉकपिट’ नावाचं पॅकेज टाका. मग ब्राउझरमध्ये सर्व्हरचा पत्ता आणि ९०९० हा पोर्ट दिला की डिस्क, सेवा, लॉग, अपडेट सगळं पानावर दिसतं.

पण काही वेळा डेस्कटॉप खरंच लागतो. घरात किंवा दुकानात एकच मशीन असतं, आणि त्यालाच सर्व्हर आणि त्यालाच बसायचं टेबल करावं लागतं. एखाद्या सॉफ्टवेअरचं इन्स्टॉलेशन खिडकीशिवाय पुढे सरकत नाही. किंवा दादासारखं, फोटो डोळ्यांनी पाहूनच निवडायचे असतात. अशांसाठी पुढचा भाग आहे.

डेस्कटॉप म्हणजे चार कड्यांची साखळी

‘डेस्कटॉप सुरू होत नाही’ ही तक्रार डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ म्हणून सांगण्यासारखी आहे. नेमकं कुठे दुखतंय ते कळायला हवं. मशीन चालू झाल्यापासून वॉलपेपर दिसेपर्यंत चार गोष्टी एकामागून एक घडतात.

पहिली कडी म्हणजे टार्गेट. मशीन सुरू होताना कुठपर्यंत जायचं हे सिस्टमडी ठरवतो. अक्षरांच्या लॉगिनपर्यंत जायचं असेल तर ‘मल्टी-युझर.टार्गेट’, चित्रांच्या लॉगिनपर्यंत जायचं असेल तर ‘ग्राफिकल.टार्गेट’. जुन्या लोकांना रनलेव्हल ३ आणि ५ आठवत असतील. रेड हॅटच्या कुळात त्यांचा अर्थ साधारण हाच होता.

दुसरी कडी डिस्प्ले मॅनेजर. नाव आणि पासवर्ड विचारणारी जी पहिली रंगीत स्क्रीन दिसते, ती हा दाखवतो. ग्नोमसोबत जीडीएम३ येतो, एक्सएफसीईसोबत बहुधा लाइटडीएम आणि केडीईसोबत एसडीडीएम.

तिसरी कडी डिस्प्ले सर्व्हर. ग्राफिक्स कार्डाशी बोलून पडद्यावर प्रत्यक्ष चित्र काढायचं काम याचं. जुनी व्यवस्था एक्सची, तिची अकरावी आवृत्ती १९८७ पासून चालत आली आहे. नवी व्यवस्था वेलँडची. इथे ‘सर्व्हर’ हा शब्द आला म्हणून गोंधळू नका, त्याचा आपल्या मशीनच्या सर्व्हर असण्याशी संबंध नाही.

चौथी कडी डेस्कटॉप सेशन, म्हणजे पासवर्ड दिल्यावर समोर येणारा ग्नोम, एक्सएफसीई किंवा केडीई.

साखळी कुठे तुटली हे स्क्रीनवर काय दिसतं त्यावरून ओळखता येतं. अक्षरांचं लॉगिन दिसत असेल तर पहिली किंवा दुसरी कडी पाहा. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर तिसरी. रंगीत लॉगिन येऊन पासवर्ड दिल्यावर परत लॉगिनच येत असेल तर चौथी. हा एक परिच्छेद लक्षात राहिला तरी निम्मे तास वाचतील.

पायरी पहिली: डिस्कवर जागा आहे का?

डेस्कटॉप टाकायच्या आधी हे पाहाच. उबंटू सर्व्हरचा इन्स्टॉलर नेहमीच्या पद्धतीत एलव्हीएम वापरतो आणि सगळी डिस्क वापरत नाही. २० ते २०० जीबीच्या डिस्कवर तो साधारण निम्मीच जागा देतो, आणि त्याहून मोठ्या डिस्कवर फक्त १०० जीबी. बाकीची जागा मोकळी पडून राहते आणि आपल्याला दिसतही नाही. ३० जीबीची डिस्क असेल तर हातात जेमतेम १५ जीबी येते, त्यात डेस्कटॉप टाकताना डिस्क भरते आणि इन्स्टॉलेशन अर्ध्यात अडकतं.

आधी तपासा:

डीएफ -एच
सुडो व्हीजीएस

दुसऱ्या कमांडमध्ये ‘व्हीफ्री’ या रकान्यात मोकळी जागा दिसली, तर ती अशी जोडून घ्या:

सुडो एलव्हीएक्सटेंड -आर -एल +१००%फ्री /डेव्ह/उबंटू-व्हीजी/उबंटू-एलव्ही

यातलं ‘फ्री’ कॅपिटलमध्ये, बाकी सगळं लहान अक्षरांत. ‘-आर’ दिल्यामुळे आतली फाइल सिस्टमही त्याच वेळी वाढते. मशीन बंद करावं लागत नाही.

इन्स्टॉलेशन आधीच अर्ध्यात अडकलं असेल, तर जागा करून झाल्यावर या दोन कमांड द्या:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल

पायरी दुसरी: कोणता डेस्कटॉप टाकायचा?

रॅम भरपूर असेल आणि नेहमीचा उबंटू हवा असेल तर:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल उबंटू-डेस्कटॉप-मिनिमल

नुसतं ‘उबंटू-डेस्कटॉप’ टाकलं तर ऑफिस, ईमेल असं बरंच काही सोबत येतं. सर्व्हरवर त्याचं काम नाही.

मशीन जुनं असेल तर एक्सएफसीई घ्या. माझी शिफारस सर्व्हरसाठी हीच आहे. तो हलका आहे, आणि ग्नोमच्या ज्या एका सवयीचा फटका मी खाल्ला ती त्याच्या लॉगिन स्क्रीनला नाही.

सुडो एपीटी इन्स्टॉल झुबंटू-कोअर

झुबंटू हे नाव एक्स या अक्षरानं सुरू होतं. डेबियनवर ‘टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप’ हे पॅकेज आहे, किंवा ‘टास्कसेल’ ही कमांड देऊन यादीतून निवडता येतं. रॉकी लिनक्स आणि अल्मा लिनक्सवर ‘सर्व्हर विथ जीयूआय’ नावाचा गट डीएनएफनं टाकावा लागतो.

मशीनवर दोन डिस्प्ले मॅनेजर होत असतील तर इन्स्टॉल होताना मध्येच एक निळसर चौकट येते आणि ‘यातला कोणता वापरू?’ असं विचारते. एकच निवडा. कोणता निवडला ते नंतर आठवत नसेल तर /ईटीसी/एक्स११/डिफॉल्ट-डिस्प्ले-मॅनेजर या फाइलमध्ये लिहिलेलं असतं, यातला एक्स कॅपिटल. बदलायचा असेल तर:

सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लाइटडीएम

आता मशीन रीस्टार्ट करा. दहातल्या आठ जणांचं काम इथेच होतं. उरलेल्या दोघांसाठी पुढे वाचा.

अजूनही अक्षरांचंच लॉगिन दिसतंय

सगळ्यात आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ१ एकत्र दाबा, मग एफ७ सह दाबून पाहा. लिनक्सवर एकाच वेळी अनेक कन्सोल चालू असतात. डेस्कटॉप एकावर तयार असतो आणि आपण दुसऱ्यावर बसून त्याची वाट पाहत असतो, असं होतं.

तरीही नाही आला तर टार्गेट तपासा:

सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट

रॉकी किंवा अल्माची साधी सर्व्हर आवृत्ती टाकली असेल तर उत्तर ‘मल्टी-युझर.टार्गेट’ येईल. मग ही कमांड द्या:

सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट

उबंटू आणि डेबियनवर मात्र एक गंमत आहे. तिथे डेस्कटॉप नसलेल्या सर्व्हरवरसुद्धा उत्तर ‘ग्राफिकल.टार्गेट’ असंच येतं. म्हणजे ही कमांड कितीही वेळा दिली तरी काही बदलत नाही. गाडी शेवटच्या स्टेशनपर्यंत पोचलेली असते, पण तिथे न्यायला कुणी आलेलंच नसतं. ते ‘न्यायला येणारं’ म्हणजे डिस्प्ले मॅनेजर. त्याची तब्येत पाहा:

सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर

अशी सेवाच सापडत नाही असं उत्तर आलं, तर डिस्प्ले मॅनेजर टाकलेलाच नाही. जागा वाचवायला शिफारस केलेली पॅकेजेस वगळून डेस्कटॉप टाकला असेल तर असं होऊ शकतं. लाइटडीएम हे पॅकेज टाका आणि रीस्टार्ट करा. सेवा आहे पण ‘फेल्ड’ असं लाल अक्षरांत दिसतंय, तर लॉग वाचा:

सुडो जर्नलसीटीएल -बी -यू लाइटडीएम

जीडीएम वापरत असाल तर शेवटी लाइटडीएमऐवजी जीडीएम लिहा. शेवटच्या वीस-पंचवीस ओळी सावकाश वाचा. कारण बहुधा तिथेच लिहिलेलं असतं.

‘स्टार्टएक्स’ ही जुनी कमांडही बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. ती डिस्प्ले मॅनेजरला वगळून थेट तिसरी कडी सुरू करते, आणि ‘एक्सइनिट’ हे पॅकेज असेल तरच चालते. तपासणीसाठी ती चांगली आहे. पण तिच्या आधी ‘सुडो’ कधीही लावू नका. का ते दोन परिच्छेदांनंतर कळेल.

स्क्रीन पूर्ण काळी, कर्सरही नाही

आता संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेन्यू आणा. पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ या शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ लिहा आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

एवढ्यानं चित्र दिसलं तर दोष ड्रायव्हरचा हे नक्की झालं. पण ‘नोमोडसेट’ हा इलाज नाही, निदान आहे. तो कायमचा ठेवला तर सगळं संथ चालतं आणि रिझोल्युशनही नीट मिळत नाही. एनव्हिडिया कार्ड असेल तर उबंटूवर ‘सुडो उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल’ ही कमांड योग्य ड्रायव्हर शोधून टाकते. उबंटूच्या जुन्या आवृत्तीत जीडीएम असेल आणि वेलँड अडत असेल, तर /ईटीसी/जीडीएम३/कस्टम.कॉन्फ या फाइलमधल्या ‘वेलँडएनेबल=फॉल्स’ या ओळीच्या सुरुवातीचं # हे चिन्ह काढून पाहा.

एक्सचा स्वतःचा लॉग /व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग इथे असतो, फाइलच्या नावातला एक्स कॅपिटल. त्यात कंसात दोन कॅपिटल ई असलेल्या ओळी शोधा. त्या चुकांच्या ओळी. ‘नो स्क्रीन्स फाउंड’ असं दिसलं तर एक्स सुरू झाला पण त्याला चित्र काढायला कार्ड सापडलं नाही, असा त्याचा अर्थ.

भाड्यानं घेतलेल्या क्लाउड सर्व्हरवर हे सगळं करत असाल तर थांबा. तिथे मॉनिटरच जोडलेला नसतो. तिथला डेस्कटॉप दुरूनच पाहावा लागतो. त्यासाठी ‘एक्सआरडीपी’ हे पॅकेज आहे आणि ते ३३८९ या पोर्टवर चालतं. तो पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, एसएसएचच्या बोगद्यातूनच वापरा. पासवर्ड ओळखू पाहणारे प्रोग्राम अशा उघड्या पोर्टच्या शोधात दिवसरात्र फिरत असतात.

पासवर्ड बरोबर, तरी पुन्हा लॉगिनच

पासवर्ड दिला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि परत लॉगिन समोर. पासवर्ड चुकला असता तर तसं सांगितलं असतं. म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, पण सेशन सुरू होताहोता कोसळतंय. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरांच्या कन्सोलवर जा, तिथे लॉगिन करा आणि दोन गोष्टी पाहा.

पहिली, डिस्क भरली आहे का. सेशन सुरू होताना काही छोट्या फाइल लिहाव्या लागतात. एक बाइटही शिल्लक नसेल तर ते जमत नाही.

दुसरी, होम फोल्डरमधल्या ‘.एक्सऑथॉरिटी’ या फाइलचा मालक कोण आहे. यात एक्स कॅपिटल आणि सुरुवातीला टिंब. कधीतरी ‘सुडो स्टार्टएक्स’ दिलेलं असतं, आणि मग ही फाइल रूटच्या नावावर जाते. आपल्याच घराची किल्ली शेजाऱ्याच्या नावावर झाल्यासारखं. फाइल बाजूला काढून टाका, पुढच्या लॉगिनला नवी तयार होते:

सुडो एमव्ही .एक्सऑथॉरिटी एक्सऑथ-जुनी

डेस्कटॉप आला. आता खरं काम.

इथे पोचल्यावर मी चहा प्यायला गेलो होतो. तुम्ही जाऊ नका.

दादाच्या सर्व्हरवर मी ग्नोम टाकला होता. लॅपटॉपची बॅटरी आणि घरची वीज वाचावी म्हणून ग्नोममध्ये एक सोय आहे: कीबोर्ड-माऊसला काही वेळ कुणी हात लावला नाही, की मशीन झोपी जातं. डेबियनवर हे लॉगिन स्क्रीनवरसुद्धा होतं, कुणी लॉगिन केलेलं नसताना, साधारण वीस मिनिटांत. नेटवर्कवरून कुणी फाइल उघडतंय की नाही हे ती सोय पाहत नाही. तिला फक्त कीबोर्ड आणि माऊस कळतो.

मी रोज रात्री दोन वाजता क्रॉननं बॅकअप लावला होता. स्टुडिओ रात्री नऊला बंद व्हायचा आणि साडेनऊच्या आत सर्व्हर झोपायचा. झोपलेल्या मशीनवर क्रॉन चालत नाही. सकाळी दहाला जाग आल्यावर क्रॉन रात्री राहिलेलं काम आठवून करतही नाही. तिथली मुलं रोज सकाळी काळी स्क्रीन पाहून बटण दाबायची आणि कामाला लागायची. रात्री लाईट गेली असेल, एवढंच त्यांना वाटायचं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

अकराव्या दिवशी जुनी हार्ड डिस्क गेली. बॅकअप उघडला तर त्यात मी डेस्कटॉप टाकला त्या दिवसापर्यंतचेच फोटो. त्या अकरा दिवसांत दोन लग्नं झाली होती. एकाची मेमरी कार्डं तशीच होती. दुसऱ्याची पुसून पुन्हा वापरली गेली होती. निवडून अल्बमसाठी आधीच पाठवलेले फोटो तेवढे वाचले, हळदीचे सगळे गेले. दादा मला काही बोलला नाही. त्या मुलीच्या घरी मात्र त्याला एकट्याला जावं लागलं.

म्हणून डेस्कटॉप आल्याबरोबर पहिली कमांड ही:

सुडो सिस्टमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट

यानं झोपेची दारंच बंद होतात. मग डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये काहीही असू दे. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरत असाल तर /ईटीसी/सिस्टमडी/लॉगिनडी.कॉन्फ या फाइलमध्ये ‘हँडललिडस्विच=इग्नोर’ असं लिहा, म्हणजे झाकण मिटलं तरी तो चालू राहील. यातल्या हँडल, लिड, स्विच या तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल. आणि नंतर आठवडाभर रोज बॅकअपची तारीख डोळ्यांनी पाहा. बॅकअप लावला आहे आणि बॅकअप झाला आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नेटवर्कचा आयकॉन काही दाखवत नाही

उबंटू सर्व्हरचं नेटवर्क नेटप्लॅनमार्फत सिस्टमडी-नेटवर्कडी सांभाळतो. डेस्कटॉप आपल्यासोबत नेटवर्क-मॅनेजर आणतो. त्यामुळे इंटरनेट व्यवस्थित चालू असतं, पण वरचा आयकॉन म्हणतो ‘जोडणी नाही’ किंवा ‘अनमॅनेज्ड’. बहुतेकांना वाटतं बिघाड आहे आणि ते दुरुस्त करायला जाऊन चालू नेटवर्क बंद पाडतात.

माझा सल्ला: सर्व्हर केबलनं जोडलेला असेल तर आयकॉनकडे दुर्लक्ष करा. बदलायचंच असेल तर /ईटीसी/नेटप्लॅन या फोल्डरमधल्या फाइलमध्ये ‘रेंडरर’ बदलून ‘नेटवर्कमॅनेजर’ करा, त्यात एन आणि एम कॅपिटल. मग ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ ही कमांड द्या. ती १२० सेकंद तुमच्या होकाराची वाट पाहते, आणि नेटवर्क तुटल्यामुळे होकार देता आला नाही तर जुनी सेटिंग परत आणते. दुरून काम करताना याचा मोठा आधार असतो.

मराठी नीट दिसण्यासाठी

अक्षरांच्या कन्सोलवर मराठी नावांच्या फाइल चौकोन किंवा प्रश्नचिन्हांसारख्या दिसतात. फाइल बिघडलेल्या नसतात. त्या कन्सोलला एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती ठेवता येतात, आणि काना-मात्रा, जोडाक्षरं जुळवायची कला त्याच्याकडे नाही. म्हणून अशा फाइलची नावं कन्सोलवरून ‘दुरुस्त’ करू नका. डेस्कटॉपवर, किंवा आपल्या लॅपटॉपवरून एसएसएचनं पाहिल्यावर त्या सहसा ठीक दिसतात.

किमान डेस्कटॉप टाकला असेल तर मात्र तिथेही फॉन्ट नसू शकतो. त्यासाठी ‘फॉन्ट्स-देवा’ हे पॅकेज आहे. मराठी टाइप करायचं असेल तर ‘आयबस-एम१७एन’ टाका आणि भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडा.

हवा तेव्हाच डेस्कटॉप

शेवटी मी आता स्वतः काय करतो ते सांगतो. डेस्कटॉप टाकतो, पण तो आपोआप सुरू होऊ देत नाही:

सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-युझर.टार्गेट

मशीन नेहमी अक्षरांच्या लॉगिनवरच थांबतं. खिडक्या लागतील तेव्हा:

सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट ग्राफिकल.टार्गेट

काम झालं की याच कमांडमध्ये ‘ग्राफिकल’ऐवजी ‘मल्टी-युझर’ लिहायचं. डेस्कटॉप बंद होतो, त्यानं घेतलेली रॅम मोकळी होते आणि सर्व्हरच्या बाकी सेवा चालूच राहतात. डेस्कटॉपमध्ये उघडलेल्या फाइल मात्र आधी सेव्ह करा, कारण सेशन विचारत बसत नाही.

दादाच्या स्टुडिओत आज असंच चालतं. नवी डिस्क आहे, एक्सएफसीई आहे, झोप बंद आहे. सर्व्हरच्या डब्यावर मी एक कागद चिकटवलाय: सकाळी आल्यावर स्क्रीन काळी दिसली तर बटण दाबू नका, आधी मला फोन करा. कालच तिथल्या नव्या मुलाचा फोन आला होता. मॉनिटरची वायर निघाली होती.